जमिनीवरून उठणं

१४ मार्च, शुक्रवार

उचलता आला नाही मला तो. नाहीच आला.

सकाळी न्हाणीघराच्या दारात गुल्वेनचे पाय चिकटले. हल्ली दार आलं की चिकटतात — उंबरा नाही, काही नाही, तरी फरशीला डिंक लावल्यासारखे. कंपवाताचंच लक्षण, डॉक्टर म्हणतात. वरचं अंग पुढे गेलं, पाय मागेच राहिले. धाड! मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. तो आवाज अजून कानातून जात नाही.

लागलं फारसं नाही. पण उठवायचं कसं? काखेत हात घालून ओढलं. माझ्याच पाठीत कळ आली. पुन्हा ओढलं. तो ओरडला, "खांदा उपटतेस का माझा!" मग मीही ओरडले. काय काय बोलले कोण जाणे. शेवटी त्याच्या डोक्याखाली टॉवेल सरकवला आणि शेजारच्या जोएलला फोन केला. तो गाईंच्या धारा काढत होता. त्या आटपेपर्यंत गुल्वेन फरशीवर आणि मी टबाच्या कडेवर. खाली त्याच्याजवळ बसायची हिंमत झाली नाही — मग मलाच उठवायला कुणीतरी लागलं असतं!

जोएल गोठ्यातल्या बुटांसकट आत आला आणि वासरू उचलावं तसा त्याला उचलून उभा केला. "झालं काका, एवढंच!"

एवढंच. आख्ख्या तालुक्यातल्या चर्चच्या छपरांवर ज्याने स्लेटच्या दगडाची कौलं बसवली, तो माणूस, माझा नवरा. दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

१५ मार्च

मालोला सांगायला नको होतं. फोनवरच सुरू — "आई, पुढच्या वेळी जोएल घरी नसेल तर? तू केवढीशी, बाबा केवढे!" कारे गावच्या वृद्धाश्रमात सप्टेंबरमध्ये जागा होणार आहे म्हणे. नुसतं नाव घालून ठेवू. नुसतं.

१७ मार्च, सोमवार

गुल्वेनचा फिजिओ आला होता. त्याला म्हटलं, मला याला उचलायचं तंत्र शिकवा. तो म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही स्वतः जमिनीवर बसून उठून दाखवता का?"

हा काय प्रश्न! बसले. म्हणजे शेवटी शेवटी आपटलेच. उठताना आधी सोफ्याचा हात धरला, मग टेबल, मग फिजिओचा हात. एकसष्टी गाठलीय मी. जन्म गेला नोटरीच्या कचेरीत, खुर्चीत बसून टाइप करण्यात. पण इतकं?

गुल्वेन बघत होता. पहिल्यांदाच हसला चार दिवसांत. "म्हणजे आता दोघांनाही जोएल लागणार!"

फिजिओने जंगलातल्या एका गटाचं सांगितलं. एनोरा नावाची बाई दर शनिवारी घेते. नैसर्गिक हालचाली म्हणे. यंत्रं नाहीत, वजनं नाहीत. चालणं, रांगणं, तोल सांभाळणं, लटकणं, ओझं वाहणं.

मी काय, रांगायला जाऊ?

२२ मार्च, शनिवार

गेले.

गुल्वेनला टेबलाशी बसवलं, फोन गळ्यात अडकवला, पाणी ठेवलं, वर्तमानपत्र ठेवलं. बजावलं — मी येईपर्यंत उठायचं नाही. अजिबात नाही!

सगळे माझ्यासारखेच असतील असं वाटलं होतं. छे! एनोरा तिशीतली, मार्चच्या थंडीत अनवाणी. आणि एक बर्नादेत म्हणून बाई — सत्तरी केव्हाच उलटलेली, पांढरे केस रिबिनीत बांधलेले — बीचच्या झाडाच्या फांदीला लटकून माझ्याशी गप्पा मारत होती. "नवीन का? जुने कपडे घालून ये गं पुढच्या वेळी!"

मला एनोराने एवढंच करायला सांगितलं — खाली बसा, उठा. आता दुसऱ्या तऱ्हेने बसा, दुसऱ्या तऱ्हेने उठा. मग कुशीवर लोळा, पोटावर या, हातागुडघ्यांवर या. ओल्या पानांवर, चिखलात. तोंडात माती गेली. मी विचारलं, "हे चुकलं का?" ती म्हणाली, "उठलात ना? मग बरोबर. सोपं करायचं ते पुढे बघू." घाई करायला लागले की म्हणायची, "जमीन कुठे पळून जात नाहीये."

जमीन नाही जात. पण घरी? सारखं डोळ्यांसमोर न्हाणीघराचं दार.

वेगाने गाडी हाकत परत आले. गुल्वेन होता तिथेच होता. तसाच. पाण्याचा पेला तसाच, वर्तमानपत्राचं पान तेच. पँट मात्र ओली.

"तूच म्हणालीस ना, उठू नको."

मी पाणी तापवलं.

२३ मार्च

अंगात असे कुठले कुठले स्नायू होते हे आजच कळलं. शिंकलं तरी दुखतंय!

२९ मार्च, शनिवार

जायचं नाही असं ठरवलं होतं. गुल्वेनने गाडीची किल्ली टेबलावर सरकवली. "जा. तू घरात असलीस की मी श्वासही तुला विचारून घेतो."

लागलं मनाला. पण गेले.

आज ओंडक्यावरून चालायचं होतं. जमिनीपासून वीतभर उंच, तरी मी खाली बघत इंचइंच सरकत होते. फोन खिशात होता, तो वाजला असं दोनदा वाटलं, दोनदा खाली उतरले. एनोरा म्हणाली, "फोन गाडीत ठेवून या." मी म्हटलं, नाही जमणार. तिने जोर केला नाही. नुसतं म्हणाली, "पायाखाली बघू नका, पुढे बघा. तुम्ही सगळा वेळ पडायची जागा शोधताय."

खरंच शोधते. घरातसुद्धा. कुठल्या कोपऱ्यावर डोकं आपटेल, कुठली चटई सरकेल. दिवाणखान्यातला जड गालिचा सोडून चटया सगळ्या माळ्यावर टाकल्या.

२ एप्रिल

दिवाणखान्यात सराव. हातापायांवर, गुडघे वर उचलून — अस्वल चालतं तसं. गुल्वेन खुर्चीतून, "आज काय जनावर?" मी म्हटलं अस्वल. "अस्वलाचं बूड फार वर गेलंय."

सोफ्याला हात न लावता उठले आज! त्याला सांगितलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

एनोराचा राग आलाय. लिहूनच टाकते.

आज ओझी उचलायची होती. याचीच तर मी वाट बघत होते! ओंडका कवेत घेतला, कंबर न वाकवता नितंब मागे नेले, शिकवलं तसं, आणि उचलला. चालले सुद्धा तो घेऊन. छाती भरून आली. तिला म्हटलं, नव्वद किलोचा माणूस उचलायला मला किती दिवस लागतील?

ती हसली नाही. "तुम्ही त्यांना उचलणार नाही, स्वाझिक. कधीच नाही."

"मग मी इथे येते कशाला?"

"पडलेलं शरीर ओंडका नसतं. ते घाबरलेलं असतं, ते तुम्हाला धरतं, ओढतं. तुम्ही दोघंही पडाल. उठायचं त्यांनी. तुम्ही फक्त वाट दाखवायची. कुशीवर कसं व्हायचं, गुडघ्यावर कसं यायचं. तुम्हाला ती वाट अंगातून माहीत पाहिजे, म्हणून तुम्ही इथे येता."

बोलायला काय जातंय! तिने गुल्वेनला बघितलंय का? कोटाचं बटण लावताना त्याचा हात कसा होतो ते बघितलंय? तो कसा उठणार? सगळी वाट रडत आले. मग घराच्या अलीकडे गाडी थांबवून डोळे पुसले, कारण मी रडलेली दिसले की तो घाबरतो, आणि घाबरला की पाय चिकटतात.

म्हणजे माझी भीतीच त्याला पाडते की काय?

असले विचार नकोत.

२० एप्रिल, ईस्टर

मालो आला. कोकराची मांडी केली, राजमा शिजवला. जेवण छान झालं. कॉफीला त्याने विषय काढलाच.

"बाबा, खोलीचं तोंड बागेकडे आहे. आई रोज येऊ शकेल. वीस मिनिटांचा रस्ता."

गुल्वेन चमच्याकडे बघत राहिला. हल्ली त्याचा आवाज इतका बारीक येतो, मालोला कान पुढे करावा लागला. "काय म्हणालात?"

"म्हटलं, छपराला काय घातलंय तिथे?"

"असं काय बाबा! मी गंभीरपणे बोलतोय."

"मीही."

मग मालो माझ्यावर घसरला. ही काय नाटकं चालवलीयस, जंगलात लोळतेस म्हणे, जोएल सांगत होता. तुझ्याच हाडांचं काही झालं म्हणजे? मी म्हटलं, माझ्या हाडांना काही होत नाही. तो म्हणाला, "आई, तुला झोप लागते का सांग. खरं सांग."

नाही लागत. खोटंच बोलले.

वाईट नाही मुलगा. घाबरलाय. जाताना दारात बापाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. बापाचे पाय दारात चिकटलेलेच होते, त्यामुळे तोही हलला नाही.

३ मे, शनिवार

आज तोंड उघडलं एकदाचं. गुल्वेनला म्हटलं, आपण दोघं मिळून करू. तू जमिनीवर ये, मी आहे. पडलास की काय करायचं ते आधीच अंगात बसेल.

तो लालबुंद झाला. "तीस मीटर उंच मनोऱ्यावर चालायचो मी. मला रांगायला शिकवतेस?"

"मनोरा गेला रे! आता न्हाणीघर आहे!"

बोलले, आणि बोलल्याबरोबर कळलं. तो उठून आत गेला. त्या दारातही चिकटला. मी धावले नाही. हात पुढे केला नाही. तिथेच उभी राहिले, मुठी आवळून. बऱ्याच वेळाने त्याचं त्यानेच पाऊल उचललं.

८ मे

बोलत नाही. घावनं केली कुट्टूच्या पिठाची, अंडं घालून, कडेला कुरकुरीत, त्याला आवडतात तशी. खाल्ली. बोलला नाही.

२१ मे, बुधवार

काय झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

दुपारी मी अस्वल करत होते. गुल्वेन खुर्चीत, डोळे मिटलेले, मला वाटलं झोपलाय. एकाएकी म्हणाला, "चूक."

"काय चूक?"

"हात आणि पाय एकदमच उचलतेस. छपरावर अशी गेली असतीस तर पहिल्याच दिवशी खाली. एक उचलायचं, तीन टेकलेली. ते एक टेकलं, मग दुसरं."

मी करून बघितलं. "असं?"

"नाही! अगं — वजन आधी. आधी वजन दुसरीकडे ने, मग उचल." मी पुन्हा केलं. तो कळवळला, कुणी त्याचंच छप्पर बिघडवत असावं तसा. "थांब, थांब."

आणि तो खाली आला. खुर्चीच्या हाताला धरून, एक गुडघा, मग दुसरा गुडघा, मग तळहात. धरायला जाऊ नकोस, धरायला जाऊ नकोस, असं स्वतःलाच सांगत होते. हात थरथरत होता त्याचा, पण टेकला की थरथर थांबायची! टेकलेला हात थरथरत नाही, हे मला माहीतच नव्हतं. त्यालाही नसावं. तो हाताकडे बघत राहिला.

मग चालला. हातागुडघ्यांवर, दिवाणखाना ओलांडून खिडकीपर्यंत. वाटेतल्या मधल्या दारातूनही गेला. दारात चिकटला नाही!

खिडकीशी दम लागला त्याला. आम्ही दोघं गालिच्यावर पाठ टेकून पडलो. छताकडे बघत म्हणाला, "ते वासे कुणी बसवले असतील? तिरके आहेत."

उठायला फार वेळ लागला. घामाने निथळला. कूस, कोपर, गुडघे, खुर्ची, एक पाय. मी नुसती बाजूला बसले होते.

पडला असता तर? खिडकीच्या काचेवर गेला असता तर?

२४ मे, शनिवार

एनोराला सांगितलं. ती ओरडलीच आनंदाने. बर्नादेतने मला चिखलासकट मिठी मारली. मी आज फांदीला लटकले. जेमतेम. पण पाय जमिनीवर नव्हते!

१७ जून, मंगळवार

पडला. मागच्या अंगणात, टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावताना. मी वळायच्या आत.

कपाळाला खरचटलं, रक्त. सगळं शिकलेलं उडून गेलं. धावले, काखेत हात घातलेच. त्याने डोळे मिटूनच म्हटलं, "सोड. सोड आधी."

सोडलं.

"कुठे दुखतंय?" — "अभिमान दुखतोय." मग बघितलं, हात हलतोय, पाय हलतोय, कंबर बरी आहे. मी त्याच्या समोर मातीत हातागुडघ्यांवर आले आणि नुसती बोलत राहिले. कुशीवर हो. हं. आता कोपर. थांब हवं तर. गुडघा इकडे. तो रांगत बाकापर्यंत गेला, बाकावर हात टेकले, एक पाऊल लावलं. घसरलं. पुन्हा लावलं. उठला!

मग मी बाकावर बसले आणि मला उठताच येईना. तो माझ्यासमोर उभा, कपाळावर रक्त, हातात टोमॅटोची काठी. "चल, उठ," म्हणाला. "मी उचलणार नाहीये."

खूप हसलो. मग आत येऊन कपाळ धुतलं. मग मात्र मी स्वयंपाकघरात दार लावून पाणी सोडून रडले, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

लोकांना वाटेल, झालं, जिंकलात. काही नाही जिंकलं. बाक नसता तर? थंडी असती तर? मी बाजारात असते तर?

५ जुलै, शनिवार

गेले नाही आज. गुल्वेनने विचारलं का. पाठ दुखतेय म्हटलं. पाठ दुखत नव्हती.

१३ जुलै, रविवार

मालोशी फोनवर. टोमॅटोचं सांगितलं. मला वाटलं, उठला कसा ते ऐकून त्याला बरं वाटेल. त्याने ऐकलं फक्त 'पडला'.

"आई, महिनाअखेर कळवायचंय वृद्धाश्रमाला. हो किंवा नाही."

"त्याला विचार."

"त्यांना काय विचारायचं? ते छपराची चौकशी करणार! तुला विचारतोय. पुढचा हिवाळा तू काढशील का असा?"

माहीत नाही. खरंच माहीत नाही. तसं म्हटलं मी त्याला. मग तो म्हणाला, "मी पुढच्या आठवड्यात येतो. मलाही दाखव, ते उठवायचं कसं."

१९ जुलै, शनिवार

मालो आला, आणि बापाने त्याला गालिच्यावर रांगायला लावलं! विम्याच्या कंपनीतला साहेब, इस्त्रीच्या पँटमध्ये! "तीन टेकलेली, एक हलतं! वजन आधी, गाढवा!" मालो हसत होता, हसता हसता त्याचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. त्याला बापाची शिकवणी कधी मिळालीच नव्हती. शाळेत हुशार म्हणून आम्हीच छपरावर पाठवला नाही.

उठताना मालोनेच टेबल धरलं. गुल्वेन खूश.

रात्री जेवताना मालो म्हणाला, "मी वृद्धाश्रमाला 'नाही' म्हणून कळवतो. यंदा." यंदा हा शब्द त्याने जरा थांबून म्हटला. मीही तो ऐकला.

२६ जुलै

गेले जंगलात. निघताना गुल्वेनला काही बजावलं नाही. जीभ चावून ठेवली. एनोरा दगडावर चढायला लावते आता. मोठाले दगड, शेवाळलेले. वर पोचले की खाली बघवत नाही. उतरायची भीती चढण्यापेक्षा मोठी, हे बरं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

दगडावरून उतरले. बसून, घसरत. पण उतरले. परत येताना गाडीत एक गाणं लावलं आणि अर्ध्या वाटेवर ध्यानात आलं — न्हाणीघराचं दार आठवलंच नव्हतं. लगेच आठवलं, मग उरलेली वाट भीतभीत.

तो परसात होता. उभा. वालाच्या शेंगा खुडत.

११ ऑगस्ट, सोमवार

डाव्या हाताने लिहितेय. थोडक्यात.

सकाळी मी पडले. मी! फरशीवर पाणी सांडलं होतं, शिंपले धुताना. उजवं मनगट मोडलं, कमरेतून हलवेना. घेरी येत होती. डोळे उघडले तर गुल्वेन फोनवर, त्या बारीक आवाजात, पत्ता पुन्हा पुन्हा सांगत होता. मग फोन ठेवला, टेबलाला धरलं आणि हळूहळू, एकेक गुडघा करत, माझ्याशेजारी ओल्या फरशीवर आला. माझं डोकं मांडीवर घेतलं.

रुग्णवाहिकेतली दोघं धावत आत आली आणि थबकली. आधी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या थरथरणाऱ्या हाताकडे, मग माझ्याकडे.

"पडलंय कोण?"

"ही," गुल्वेन म्हणाला. "मी बसलोय."